दिवसाची लांबी आणि पिकाचा फुलोरा : अलिबागचा वाल, भात व पांढरा कांदा



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. अलिबाग तालुक्यातील एक शेतकरी सप्टेंबर महिन्यात वालाचा एक लांबलचक वेल गुंडाळून आमच्याकडे घेऊन आले. घरचेच कडव्या वालाचे बियाणे त्यांनी त्या वर्षी मृगात बांधाच्या कडेने टोकले होते. हेतू असा की, हिवाळ्यात सगळ्यांच्याच शेंगा बाजारात येतात, आपल्या गणपतीच्या सुमारास आल्या तर भाव चांगला मिळेल. वेल जोमाने वाढला, बांध झाकून शेजारच्या खाचरात उतरला, पाने तळहाताएवढी झाली. पण तीन महिने उलटले तरी फुलाचा पत्ता नव्हता. "बी वांझ निघाले का साहेब?" हा त्यांचा प्रश्न.

मी तेव्हा नोकरीत नवीन होतो. हिरवीगार पाने पाहून नत्र जास्त झाले असावे असे निदान केले आणि युरिया बंद करून सुपर फॉस्फेट देण्याचा व शेंडे खुडण्याचा सल्ला दिला. त्यांनी अर्ध्या बांधावरचे वेल उपटून तेथे मुळा लावला, अर्ध्या बांधावरचे कंटाळून तसेच सोडून दिले. दिवाळीच्या सुमारास त्या सोडलेल्या वेलांना नखशिखान्त फुले लागली. सुपर फॉस्फेटने लागली असे ते आजही सांगतात. वस्तुस्थिती तशी नव्हती. बी वांझ नव्हते आणि खतही चुकले नव्हते. वालाचा तो वेल दिवस लहान होण्याची वाट पाहत होता. माझा सल्ला चुकीचा होता आणि त्यापायी अर्धा बांध उपटला गेला, म्हणून हा विषय मुद्दाम लिहीत आहे.

दिनमान म्हणजे काय व ते किती बदलते

सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाला आपण दिनमान म्हणतो. पंचांगात ते घटी-पळांत दिलेले असते. एक घटी म्हणजे २४ मिनिटे. अलिबाग हे सुमारे १८ अंश ३८ कला उत्तर अक्षांशावर आहे. येथे २१ जूनच्या सुमारास सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, म्हणजे सुमारे ३३ घटींचा असतो, आणि २२ डिसेंबरच्या सुमारास सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा, म्हणजे साडेसत्तावीस घटींचा असतो. वर्षभराचा फरक सव्वादोन तासांचाच. लंडनकडे जूनमधला दिवस साडेसोळा तासांच्या वर जातो. त्या मानाने आपला फरक किरकोळ वाटेल. माणसाला तो जाणवतही नाही. पिकाला मात्र पंधरा-वीस मिनिटांचा फरकही कळतो.

महिन्यांच्या हिशेबाने पाहू. ऑगस्टच्या मध्यावर अलिबागचा दिवस पावणेतेरा तासांच्या जवळ असतो. २३ सप्टेंबरला तो बारा तासांहून थोडासाच अधिक उरतो. ऑक्टोबरच्या मध्यावर पावणेबारा, नोव्हेंबरच्या मध्यावर सव्वाअकरा. सप्टेंबर-ऑक्टोबरात रोज सुमारे एक मिनिट याप्रमाणे दिवस आटत जातो, म्हणजे महिन्याला अर्धा तास. डिसेंबरअखेरनंतर तो पुन्हा वाढू लागतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर साडेअकरा तासांवर येतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आपल्या जुन्या मंडळींचे पेरणीचे हिशेब तिथीवर नव्हते, ते नक्षत्रांवर होते. मृग साधारणपणे ७-८ जूनला, हस्त २६-२७ सप्टेंबरला, चित्रा १० ऑक्टोबरला, स्वाती २३-२४ ऑक्टोबरला लागते. ही सूर्याची नक्षत्रे आहेत. तिथी दरवर्षी पुढेमागे सरकते, सूर्यनक्षत्र सरकत नाही. त्यामुळे "स्वातीत पेरा" असे म्हणणारा शेतकरी नकळत "दिवस अमुक इतक्या लांबीचा असताना पेरा" असेच म्हणत होता. पावसाच्या अंदाजासाठी नक्षत्रे कितपत उपयोगी पडतात हा वादाचा विषय आहे. दिनमानासाठी मात्र ती चोख आहेत.

शोधाची हकीकत

पीक दिवसाची लांबी ओळखते हे शास्त्राला कळून अवघे एक शतक झाले आहे. पॅरिसमधील ज्युलिअन तुर्न्वा नावाच्या तरुण संशोधकाने १९१२ ते १९१४ या काळात हॉप आणि भांग या दोन वनस्पतींवर काम केले. हिवाळ्यात काचगृहात पेरलेली भांग अगदी वीतभर असतानाच फुलावर आली. तीच उन्हाळ्याच्या तोंडाशी पेरली की पुरुषभर वाढून मग फुलत असे. काचगृहात ऊब होती, म्हणजे हा थंडीचा परिणाम नव्हे, दिवस लहान असल्याचा परिणाम आहे, असे त्याने ताडले. पुढे पहिल्या महायुद्धात त्याचा मृत्यू झाला आणि काम अर्धवट राहिले. ते पूर्णत्वाला नेले अमेरिकेतील गार्नर व अलार्ड यांनी. त्यांच्याकडे तंबाखूचा 'मेरिलँड मॅमथ' हा वाण उन्हाळभर उंच वाढत राही, फुलत नसे, त्यामुळे बी मिळत नसे. त्यांनी काही झाडे रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ठेवली, म्हणजे त्यांचा दिवस कृत्रिमरीत्या लहान केला. ती झाडे फुलली, बाहेरची फुलली नाहीत. त्यांचा हा निबंध १९२० साली प्रसिद्ध झाला.

भांगेचे नाव निघाले म्हणून सांगतो. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यानुसार गांजाच्या झाडाची परवान्याविना लागवड करणे हा गुन्हा आहे, तेव्हा ते पीक आपल्या विचारातले नाही. परंतु आपल्या शेतातली अंबाडी आणि ताग ही वाखाची दोन पिके दिवसाच्या बाबतीत अगदी तशीच वागतात. अंबाडीच्या एका जातीचे शास्त्रीय नावच मुळी तिची पाने भांगेसारखी दिसतात यावरून पडले आहे. अंबाडी जूनमध्ये पेरली तर दिवस मोठे असल्याने सरळसोट उंच वाढते, वाख लांब मिळतो. तीच ऑक्टोबरमध्ये पेरून पाहा; गुडघाभर झाली नाही तोच फुलावर येते आणि वाढ थांबते. ताग हिरवळीच्या खतासाठी करतो तेव्हाही हेच. पाला भरपूर हवा असेल तर ताग पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पेरावा.

तीन प्रकारची पिके

या गुणधर्मावरून पिकांचे तीन गट पडतात. दिवस एका ठरावीक मर्यादेपेक्षा लहान झाला की फुलणारी ती लघुदिवसी पिके : वाल, तूर, अंबाडी, ताग, शेवंती आणि भाताच्या जुन्या गरव्या जाती. दिवस मर्यादेपेक्षा मोठा झाला की फुलणारी ती दीर्घदिवसी : गहू, मोहरी, पालक वगैरे. आणि दिवसाकडे फारसे लक्ष न देता वय झाले की फुलणारी ती दिवस-उदासीन : टोमॅटो, भुईमूग, आणि आज आपण लावतो त्या भाताच्या बहुतेक सुधारित जाती.

हे गट पिकाचे असले तरी जातीजातीत फरक असतो हे विसरू नये. वाल म्हटला म्हणजे लघुदिवसी, हे मांडवावरच्या व शेतातल्या गावठी वालाला लागू आहे. झुडूपवजा बुटक्या भाजीच्या जाती, उदाहरणार्थ दापोली विद्यापीठाची कोकण भूषण किंवा बंगळूरच्या फळबाग संशोधन संस्थेच्या अर्का जय व अर्का विजय, या दिवसाच्या बंधनातून सोडविलेल्या आहेत. गणपतीला शेंगा हव्या असतील तर अशा जातीच घ्याव्या लागतील. मात्र पोपटीला व बिरड्याला जी चव लागते ती त्यांना नाही, असे अलिबागचे खवय्ये सांगतात, आणि माझेही मत तेच आहे.

पीक मोजते ते रात्र

आता थोडे आतल्या यंत्रणेविषयी. १९३८ साली हॅम्नर व बॉनर या दोघांनी गोखरूसारख्या काटेरी फळांच्या एका तणावर प्रयोग केले. दिवसा मध्येच थोडा वेळ अंधार केला तर काही फरक पडला नाही. पण लांब रात्रीच्या मध्यभागी थोडा वेळ दिवा लावला तर झाड फुललेच नाही. म्हणजे आपण लहान दिवस म्हणतो खरे, प्रत्यक्षात झाड मोजते ती अखंड अंधाराची लांबी. मध्येच उजेड पडला की झाडाचा हिशेब मोडतो व रात्र दोन तुकड्यांची झाली असे ते समजते.

हा उजेड ओळखणारे एक रंगद्रव्य पानात असते, त्याला फायटोक्रोम म्हणतात. तांबडा प्रकाश त्याला जागे करतो. रात्र पुरेशी लांब झाली की पानात एक प्रथिन तयार होते, ते देठातून शेंड्याकडे जाते आणि शेंड्याला पान काढणे थांबवून कळी काढण्याचा हुकूम देते. असा काही निरोप पानातून जात असावा हे रशियातील चैलाख्यान यांनी १९३० च्या दशकातच सांगितले होते. तो निरोप म्हणजे कोणते प्रथिन हे भातात जपानी शास्त्रज्ञांनी २००७ साली दाखवून दिले. निरोप पानातून जातो ही गोष्ट आपल्या कामाची आहे. वालाचा पाला किडीने खाल्ला किंवा जनावराने ओरबाडला तर फूल लांबते, त्याचे एक कारण हेही असते.

दुसरी कामाची गोष्ट अशी की, अगदी कोवळ्या रोपाला हा निरोप कळत नाही. दिवस कितीही लहान असला तरी काही पाने फुटेपर्यंतचा काळ जावाच लागतो. हा बाल्यावस्थेचा काळ होय.

वाल : पेरणीची तारीख आणि झाडाचा आकार

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की वालाचे गणित सुटते. भात निघाल्यावर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरमध्ये जमिनीतील ओलाव्यावर आपण वाल पेरतो. तेव्हा दिवस आधीच साडेअकरा तासांच्या खाली गेलेला असतो. म्हणजे फुलण्याचा हुकूम पहिल्या दिवसापासूनच आहे. बाल्यावस्था संपली की साधारण दीड महिन्यात फुले दिसतात. जूनमध्ये पेरलेल्या त्याच बियाण्याला साडेचार-पाच महिने लागतात. एकाच पिशवीतले बी, पण एक दीड महिन्याचे व दुसरे पाच महिन्यांचे. बी विकणाऱ्याशी भांडण्यापूर्वी पेरणीची तारीख पाहावी ती यासाठी.

रब्बीच्या वालाला फुलण्याआधी पाने व फांद्या करण्यासाठी तो दीड महिनाच मिळतो. जितक्या फांद्या तितके फुलांचे तुरे. हा दीड महिना चांगल्या ओलाव्यात व उबेत गेला तर झाड डेरेदार होते. पेरणी डिसेंबरात ढकलली तर फूल ठरल्या वेळी येणारच, कारण दिवस लहानच आहे. पण ओल खाली गेलेली, थंडी पडलेली, त्यामुळे झाड वीतभर राहते आणि त्या वीतभर झाडावरच शेंगा लागतात. उशिराच्या वालाचे उत्पन्न घटते ते यामुळे. अशा वेळी झाड मोठे होईल या आशेने युरिया टाकणे म्हणजे पैसे मातीत घालणे होय. त्यापेक्षा दोन ओळींतील व दोन झाडांतील अंतर कमी करून झाडांची संख्या वाढवावी. लहान झाडाला जागाही कमी लागते. उशिरा पेरलेल्या तुरीलाही हाच नियम लागू पडतो. पावसाळ्यात बांधावर डोक्याएवढी होणारी तूर रब्बीत कमरेएवढीही होत नाही, म्हणून ती दाट पेरावी लागते.

तेव्हा वालाची खरी किल्ली वालात नसून आधीच्या भातात आहे. खाचर कधी रिकामे होते यावर सगळे अवलंबून.

हळवे, निमगरवे, गरवे

आपल्या कोकणात भाताचे हे तीन प्रकार पिढ्यान्पिढ्या चालत आले आहेत. उंचावरच्या, लवकर सुकणाऱ्या जमिनीत हळवे. खोलगट, पाणी धरून ठेवणाऱ्या खाचरात गरवे. मधल्या जमिनीत निमगरवे. जुन्या गरव्या जाती लघुदिवसी होत्या. रोहिणीत पेरा की आर्द्रात पेरा, पोटरी यायची ती दिवस लहान झाल्यावर, साधारण ऑक्टोबरात, आणि कापणी नोव्हेंबरात. यात फार मोठे शहाणपण होते. पाऊस लांबला, आवणी महिनाभर पुढे गेली, तरी दाणा पावसातून निसटून कोरड्या दिवसांतच पिकायचा. पीक पावसाचा अंदाज करीत नव्हते, ते दिवसाकडे पाहत होते, आणि दिवस कधी चुकत नाही. उशिरा लावलेल्या गरव्याला फुटवे कमी येत, उतारा कमी पडे, पण भात भिजत नसे. खारेपाटातील राता भातासारख्या जुन्या जाती टिकून राहण्याचे मुख्य कारण त्यांची मिठाची सहनशक्ती हे असले तरी वेळेचे हे भानही त्यांच्या उपयोगी पडत असणार असे मला वाटते.

१९६० च्या दशकात तायचुंग नेटिव्ह-१, आयआर-८ व मागोमाग जया या बुटक्या जाती आल्या. त्या दिवसाकडे पाहत नाहीत, वय मोजतात. त्यामुळे त्या उन्हाळ्यातही घेता येतात, आणि पाटाच्या पाण्यावर रायगड जिल्ह्यात उन्हाळी भात होऊ लागले ते यामुळेच. कर्जतच्या संशोधन केंद्राच्या पुढच्या सुधारित जातींनीही हाच गुण घेतला. उत्पन्न वाढले यात शंका नाही. पण वेळेची जबाबदारी भाताकडून शेतकऱ्याकडे आली, आणि हे आपण अजून पुरते ओळखलेले नाही.

उदाहरण घेऊ. ११५ दिवसांची हळवी, दिवस-उदासीन जात १० जूनला पेरली तर ती ३ ऑक्टोबरच्या सुमारास कापणीला येते. म्हणजे ऐन हस्ताच्या पावसात. परतीच्या पावसाने उभे भात आडवे पडणे, कापलेले भात खाचरात उगवणे हे नुकसान अलीकडच्या वर्षांत किती वेळा सोसावे लागले, हे तुम्हाला सांगायला नको. तीच जात १० जुलैला पेरली तर २ नोव्हेंबरला तयार होते. पाऊस टळतो, पण वालाची पेरणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यावर जाते आणि उंचावरच्या खाचरात तोवर ओल उरत नाही. या दोहोंच्या मधली तारीख आपल्याला काढायची आहे. म्हणून रोपवाटिका टाकण्यापूर्वी जातीचा कालावधी विचारून घ्यावा व उलट मोजावे : वाल कधी पेरायचा, त्याआधी आठवडाभर खाचर रिकामे हवे, त्याआधी किती दिवस भात. उंच खाचरात ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निघेल अशी हळवी जात. खोलगट खाचरात, जेथे नोव्हेंबरअखेरही पाय रुततो, तेथे निमगरवी किंवा गरवी जात ठेवून वाल उशिरा घेतला तरी ओलीची चिंता नसते. एकाच जातीने सगळी शेती लावण्याची जी पद्धत पडत चालली आहे ती अलिबागच्या उंचसखल जमिनीला मानवणारी नाही.

पांढरा कांदा

कार्ले, खंडाळे, नेहुली या गावांच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यानंतर बियाण्याची मागणी व बाहेरगावची चौकशी दोन्ही वाढली. कांद्याची तऱ्हा वालाच्या उलट आहे. कांद्याचा गड्डा भरणे ही मोठ्या दिवसाची क्रिया आहे. बाजारात "लहान दिवसाचा कांदा" असे म्हणतात, त्याने गैरसमज होतो. त्याचा अर्थ एवढाच की, या जातींना गड्डा भरण्यासाठी अकरा-बारा तासांचा दिवसही पुरतो. युरोपातील जातींना चौदा-सोळा तास लागतात. अलिबागला जूनमध्येसुद्धा सव्वातेराच्या वर दिवस जात नाही, तेव्हा परदेशातून कोणी पाहुण्याने हौसेने कांद्याचे बी आणून दिले तर ते लावून पाती खावी, गड्ड्याची अपेक्षा धरू नये.

आपल्या पांढऱ्या कांद्याला दिवस पुरतो. लागण नोव्हेंबर-डिसेंबरात होते, दिवस सर्वांत लहान असताना पाती वाढते, आणि जानेवारीनंतर दिवस वाढू लागला, ऊन तापू लागले की गड्डा धरतो. गड्ड्याचा प्रत्येक पदर हा एका पातीचा तळ असतो. ज्या वेळी गड्डा धरण्याचा इशारा मिळतो त्या वेळी झाडावर जितक्या पाती, तितका कांदा मोठा. लागण जानेवारीवर गेली तर चार-पाच पातींवरच इशारा मिळतो आणि माळेत ओवण्याजोगा कांदा होत नाही. उशिराच्या कांद्याला पाणी-खत कितीही दिले तरी ही तूट भरून येत नाही. येथेही पुन्हा भात लवकर निघणे हीच मेख आहे.

डेंगळे येण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. कांद्याला फुलाचा दांडा येतो तो मुख्यतः थंडीमुळे. रोप बोटाएवढे जाड झाल्यावर दीर्घकाळ थंडी लागली तर डेंगळे निघतात. फार लवकर टाकलेल्या जुन्या रोपात ते जास्त दिसतात. त्याचा संबंध दिवसाच्या लांबीशी जोडू नये. तीच गोष्ट आंब्याची. हापूसला मोहोर येण्यासाठी थंड रात्री, जमिनीचा ताण व पालवीचे वय पाहावे लागते. दिवस लहान झाला म्हणून आंबा मोहोरत नाही. कल्टारचे काम त्याहून निराळे आहे. प्रत्येक गोष्ट दिनमानावर ढकलणेही चूकच.

दिव्याचा त्रास

अलीकडे अलिबागच्या आसपास बंगले व विश्रामगृहे यांची दाटी झाली आहे. कुंपणावर रात्रभर मोठे दिवे जळत असतात. झाड रात्र मोजते हे वर आलेच आहे. अशा दिव्याच्या झोतात आलेला वाल, तूर किंवा शेवंतीचा वाफा हिरवा राहतो व उशिरा फुलतो, कधी कधी फुलतच नाही. बाकी शेत फुललेले असते. रस्त्याच्या दिव्याखाली सोयाबीन हिरवेच राहिल्याची उदाहरणे ठिकठिकाणी दिसतात. चांदण्याचे भय नाही, ते फार मंद असते. तुमच्या शेतात दिव्याच्या खांबाभोवती अर्धगोलात हिरवा पट्टा दिसत असेल तर खत-औषधाचा विचार करण्यापूर्वी शेजाऱ्याला भेटावे व दिव्याचे तोंड खाली वळवून घ्यावे किंवा त्याला पत्र्याची झापड लावावी. ऑक्टोबर ते डिसेंबर एवढेच दिवस त्याची गरज असते, हे सांगितले तर बहुतेक मंडळी ऐकतात. शेवंतीचे मळेवाले मात्र याच गुणाचा उलट फायदा घेतात : रात्री दिवे लावून फूल लांबवितात व हव्या त्या सणाला माल काढतात.

घरच्या घरी पडताळा

माझे सांगणे तुम्ही ऐकून सोडून द्यावे अशी अपेक्षा नाही. परसात एका ओळीत घरच्या वालाचे पाच-पाच दाणे जूनच्या पहिल्या पंधरवड्यापासून डिसेंबरपर्यंत दर पंधरा दिवसांनी टोकावेत. प्रत्येक वेळी खुंटी मारून तारीख लिहावी. पहिले फूल दिसेल तो दिवस दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. जून, जुलै, ऑगस्टच्या टोकणीची फुले जवळजवळ एकाच सुमारास आली, आणि ऑक्टोबरनंतरच्या टोकणीची प्रत्येकी साधारण सारख्याच दिवसांनी आली, तर तुमचे बियाणे लघुदिवसी आहे असे समजावे. सगळ्यांनाच सारखे दिवस लागले तर ते दिवस-उदासीन. शेजाऱ्याकडून किंवा बाजारातून आणलेल्या नव्या बियाण्याची अशी परीक्षा एका वर्षात होते व तिला खर्च काहीच नाही.

आणखी एक. अलिबागच्या गावठी वालाच्या बियाण्यात सर्व झाडे सारखी नसतात. काही चार-आठ दिवस लवकर फुलतात, काही मागे राहतात. लवकर आलेल्या शेंगांना भाव असतो, म्हणून त्या बाजारात किंवा पोपटीच्या मडक्यात जातात, आणि बियाण्यासाठी राहतात त्या शेवटच्या तोडीच्या. असे वर्षानुवर्षे झाले की आपण स्वतःच उशिरा फुलणाऱ्या झाडांची निवड करीत जातो. येत्या डिसेंबरात शेतातून एक फेरी मारावी, प्रथम फुललेली, डेरेदार व रोगमुक्त अशी पंचवीस-तीस झाडे हेरून त्यांना रंगीत चिंधी बांधावी आणि त्या झाडांची शेंग हिरवी तोडू नये, घरात पाहुणे आले तरी. ती वेलावरच वाळू द्यावी, वेगळी झोडावी आणि राख लावून वेगळ्या मडक्यात ठेवावी.